शेजारच्या प्रांताशी गोड खुन्नस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीच्या, डोंगराच्या किंवा नुसत्या नकाशावरच्या रेघेच्या पलीकडे राहणाऱ्यांना चिमटे काढायची हौस जगात सगळीकडे आहे. ती कुठून येते, कधी गोड राहते आणि कधी नासते, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण काही प्रश्नांत दम आहे आणि काहींत नाही.

खुन्नस शेजाऱ्यांशीच का? लांबच्यांशी का नाही?

लांबच्यांबद्दल माहितीच नसते, मग टोमणा मारणार कशावरून? चिमटा काढायला हात पोचावा लागतो.

दुसरं कारण जरा गमतीचं आहे. शेजारी बराचसा आपल्यासारखाच असतो. तेच हवामान, जवळपास तीच बोली, आडनावंही तीच. मग आपण वेगळे आहोत हे दाखवायचं कसं? तर उरलासुरला बारीक फरक फुगवून. सिग्मंड फ्रॉइडने १९३० साली याच्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. किरकोळ फरकांचा हा अहंकार सांगताना त्याने उदाहरणं दिली ती स्पॅनिश आणि पोर्तुगीज, उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे जर्मन, इंग्रज आणि स्कॉट अशी. सगळे एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून राहणारे.

जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ ही शहरं जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहेत. कोलोनची बिअर फिकट, तिला क्योल्श म्हणतात. ड्युसेलडॉर्फची गडद, ती आल्ट. एकाच्या गावात दुसऱ्याची बिअर मागणं म्हणजे जाणूनबुजून काढलेली खोडी. आता या दोन्ही बिअर बनवायची पद्धत पाहिली तर ती बरीच सारखी निघते. दोन्हींचं यीस्ट वर येणारं, दोन्ही नंतर थंडीत मुरवलेल्या. देशातली बाकीची बहुतेक बिअर खाली बसणाऱ्या यीस्टची. म्हणजे उरलेल्या जर्मनीपासून हे दोघं मिळून वेगळे पडतात, आणि तरी भांडतात ते आपापसात.

आमचं वैर शेकडो वर्षांचं आहे, असं दोन्हीकडचे छातीठोकपणे सांगतात. खरं असतं का?

बहुतेक ठिकाणी नाव जुनं असतं आणि भांडण नवं.

इंग्लंडमधले यॉर्कशायर आणि लँकाशायर हे परगणे पेनाइन टेकड्यांच्या दोन अंगांना आहेत. एकाचा गुलाब पांढरा, दुसऱ्याचा लाल, आणि दोघंही आपल्या चुरशीची वंशावळ थेट पंधराव्या शतकातल्या ‘गुलाबांच्या युद्धां’पर्यंत नेऊन भिडवतात. पण १४५५ साली सुरू झालेली ती युद्धं यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांची होती, गादीसाठी. घराण्यांच्या जहागिरी आणि पाठीराखे देशभर विखुरलेले होते. यॉर्कशायरमधले कितीतरी सरदार तर लँकेस्टरच्या झेंड्याखाली लढले. आजची चुरस घडली ती फार नंतर, एका अंगाला लोकरीच्या आणि दुसऱ्या अंगाला सुताच्या गिरण्या धडधडायला लागल्यावर, आणि मुख्यतः क्रिकेटच्या मैदानात. या दोघांचा पहिला सामना १८४९ साली शेफील्डला झाला. गुलाब तयारच होते. ते उचलून छातीला लावले, एवढंच.

कोलोन-ड्युसेलडॉर्फची गोष्ट याहून खमंग आहे. तिथे दाखला दिला जातो तो १२८८ सालच्या वोरिंगेनच्या लढाईचा. ती झाली खरी, आणि तिच्यानंतरच बर्गच्या सरदाराने ड्युसेलडॉर्फला शहराचा दर्जा दिला हेही खरं. पण त्या लढाईत कोलोनचे नागरिक लढत होते कोलोनच्याच आर्चबिशपविरुद्ध, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता तो हाच बर्गचा सरदार. ज्या लढाईला आज ‘आमच्या वैराची सुरुवात’ म्हणतात, तिच्यात दोघं एका बाजूला होते! खरं सल अलीकडचं आहे. १९४६ साली ब्रिटिशांनी नवं राज्य आखलं आणि राजधानीचा मान थोरल्या कोलोनला डावलून ड्युसेलडॉर्फला दिला. पण ‘आमचं भांडण सरकारी कचेऱ्यांवरून आहे’ असं म्हणण्यात काय मजा? सातशे वर्षांचा इतिहास सांगितला की टोमण्याला वजन येतं.

म्हणजे इतिहास नसला तरी चालतं?

अगदी चालतं. हेन्री ताज्फेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना सांगितलं, की तुम्हाला पाऊल क्ले या चित्रकाराची चित्रं जास्त आवडली आणि तुम्हाला कँडिन्स्कीची, म्हणून तुमचे दोन गट. प्रत्यक्षात वाटणी कशीही केली होती. आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. मग दोन गटांतल्या मुलांना पैसे वाटायला सांगितलं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा फरक जास्त पडला पाहिजे, असा कल अनेकदा दिसला.

तेव्हा दोन प्रांतांमध्ये खरीखुरी नदी, खरीखुरी बोली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे किस्से असतील, तर चुरस नसती तरच आश्चर्य.

गोड खुन्नस आणि खरं वैर यातला फरक ओळखायचा कसा?

टोमणा किती तिखट आहे यावरून ओळखू नका. जिवलग मित्र एकमेकांना काय काय बोलतात ते ऐकलं तर परका माणूस पोलिसांना बोलावेल. विचारायचं एवढंच, की हरणाऱ्याचं काय जातं? नाक खाली झालं, आठवडाभर चेष्टा सोसावी लागली, तर ती खुन्नस. जमीन गेली, पाणी गेलं, पोटापाण्याचं साधन गेलं, तर तो तंटा, मग तो कितीही हसतखेळत मांडलेला असो.

१९६९ सालचं उदाहरण नेहमी उलटं सांगितलं जातं. त्या जूनमध्ये एल साल्वादोर आणि होंडुरास हे मध्य अमेरिकेतले शेजारी १९७०च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत समोरासमोर आले. तीन सामने झाले, हाणामाऱ्या झाल्या, आणि १४ जुलैला एल साल्वादोरच्या सैन्याने होंडुरासवर हल्ला केला. सुमारे शंभर तास चाललेल्या त्या लढाईला जगाने ‘फुटबॉल युद्ध’ नाव देऊन टाकलं, जणू एका गोलवरून रणगाडे निघाले. पण मूळ होतं जमिनीत. दाटीवाटीच्या एल साल्वादोरमधून लाखो माणसं वर्षानुवर्षं होंडुरासमध्ये शेती करायला जाऊन राहिली होती, आणि होंडुरासने जमीन सुधारणेच्या नावाखाली त्यांना हुसकावायला सुरुवात केली होती. फुटबॉल नसता तर दुसरं निमित्त सापडलं असतं. तह व्हायला १९८० साल उजाडलं.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं, की पाण्याच्या, जमिनीच्या, नोकऱ्यांच्या वाटपाचा वाद चालू असेल तिथे विनोद करू नयेत. तिथली तक्रार तक्रार म्हणूनच ऐकावी. ‘अहो, गंमत करत होतो’ ही पळवाट सगळ्यात जास्त तिथेच वापरली जाते.

दोन्हीकडच्यांना एकत्र आणून एका पंगतीला बसवलं की कटुता जाते, हे खरं का?

एवढ्याने नाही जात. १९५४च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट पाडले. सगळी अकरा-बारा वर्षांची, एकमेकांना अनोळखी, सारख्याच घरांतली. आधी गट वेगवेगळे ठेवले, मग स्पर्धा लावल्या. बघता बघता ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’ यांनी एकमेकांचे झेंडे जाळले, राहत्या खोल्यांवर धाडी घातल्या. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. उपयोग शून्य. जेवताना अन्नच एकमेकांवर फेकलं. फरक पडला तो शिबिराचं पाणी बंद पडल्यावर आणि खाण्याचं सामान आणणारा ट्रक ‘बिघडल्यावर’. रस्सीखेचीचाच दोर बांधून दोन्ही गटांनी मिळून ट्रक ओढला. हे दोन्ही बिघाड अर्थातच शेरीफ यांच्या माणसांनी घडवलेले होते.

हा प्रयोग पुस्तकापुस्तकांत सापडतो. त्याच्या आदल्या वर्षीचा, १९५३चा, क्वचितच. त्या खेपेला मुलांना आधी मिसळू दिलं होतं, दोस्ती झाली होती, आणि मग गट पाडले. मोठ्यांनी कितीही चिथावलं तरी मुलं भांडेनात. उलट हे सगळं मोठी माणसंच घडवून आणताहेत, असा संशय त्यांना आला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. आमच्या मते शिकण्यासारखं जास्त या फसलेल्या प्रयोगात आहे. ओळख आधी झाली असेल तर स्पर्धा मागाहून आली तरी ती डोक्यात जात नाही. ज्या प्रांतांमध्ये लग्नं होतात, शिक्षणासाठी आणि धंद्यासाठी येणंजाणं असतं, तिथली खुन्नस गोड का राहते त्याचं उत्तर इथे आहे.

खेळामुळे हे सगळं वाढतं की जिरतं?

दोन्ही. पण खेळाची मोठी सोय म्हणजे त्याला शिट्टी असते. सुरू कधी झालं आणि संपलं कधी, हे सगळ्यांना कळतं.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांची हकीकत मुळातून सांगायला हवी. रग्बी लीग या रग्बीच्या एका प्रकारात दोघांचे सामने बऱ्याच काळापासून होत होते, पण त्यातली मजा गेली होती. कारण साधं होतं. पैसा न्यू साउथ वेल्समधल्या सिडनीच्या क्लबांकडे. क्वीन्सलँडचा पोरगा चमकला की सिडनीचा क्लब त्याला उचलायचा, आणि नियम असा, की ज्या राज्यातल्या क्लबकडून खेळतोस त्या राज्याकडून उतरायचं. म्हणजे क्वीन्सलँडला हरवायला क्वीन्सलँडचेच खेळाडू! निकाल आधीच ठरलेला असेल तर चिडवायलाही कुणाला हुरूप येत नाही.

मग १९८० साली नियम उलटा केला. जिथे पहिल्यांदा मोठ्यांच्या संघातून खेळलास, ते तुझं राज्य. ८ जुलैला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पहिला सामना झाला. सिडनीत कारकीर्द गाजवलेला आर्थर बीटसन पस्तिशीत क्वीन्सलँडचा कर्णधार म्हणून उतरला, आणि त्याने समोरच्या संघातल्या मिक क्रोनिनला ठोसा लगावला. क्रोनिन हा त्याचा सिडनीतला क्लबमधला सोबती. क्वीन्सलँडने सामना २०-१० असा जिंकला. आज ही मालिका त्या देशातल्या सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या खेळांपैकी आहे. ठोशाचं समर्थन आम्ही करत नाही, पण त्या ठोशाने लोकांना कळलं की गडी मनापासून खेळताहेत.

बरोबरीची शक्यता असल्याशिवाय चुरस जगत नाही, हा यातला मुद्दा. एकच बाजू सतत जिंकत असेल तर जिंकणाऱ्याने नियम बदलायला मदत करावी. त्यात त्याचाच फायदा आहे.

एखादा पदार्थ ‘मूळचा कुणाचा’ या वादाचा निकाल लागतो का?

कागदावर लागतो. रसगुल्ल्यावरून पश्चिम बंगाल आणि ओडिशा यांची जुंपली होती. बंगालने कोलकात्याच्या नवीनचंद्र दास यांचं आणि एकोणिसाव्या शतकाचं नाव घेतलं, तर ओडिशाने पुरीच्या जगन्नाथाच्या नैवेद्याचं. २०१७ साली ‘बांगलार रसगोला’ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि बंगालने गुलाल उधळल्यासारखा आनंद केला. २०१९ साली ‘ओडिशा रसगोला’लाही मिळालं. हे मानांकन ‘पहिला शोध कुणी लावला’ याचा निवाडा करतच नाही. अमुक गुणांचा, अमुक रीतीने केलेला पदार्थ अमुक भागाचा आहे, एवढंच ते सांगतं. म्हणजे दोघंही जिंकले आणि वाद होता तिथेच राहिला. खाणाऱ्यांच्या दृष्टीने याहून चांगला निकाल नाही.

आम्ही त्यांच्यावर जे विनोद करतो, तेच ते आमच्यावर करतात. चोरतात का?

चोरत नाहीत. विनोद दोन्हीकडे तेच असतात, फक्त नावं बदलतात. स्वीडनमध्ये नॉर्वेच्या माणसाच्या बावळटपणाचे किस्से आणि नॉर्वेत स्वीडनच्या माणसाचे, शब्दाला शब्द तेच. क्रिस्टी डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने देशोदेशीचे असे विनोद गोळा केले. त्यांना दिसलं, की बावळट ठरवला जातो तो शत्रू नव्हे, तर जवळचा, आपल्याच वळणाचा, पण जरा कडेला राहणारा शेजारी. विनोद कडेला राहणाऱ्यावरच होत राहिला आणि तो गरीबही असेल, तर मात्र त्याला हसू येत नाही. हे हसवणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

राजधानी कुणाकडे, हा वाद मिटवायचा उपाय आहे?

ऑस्ट्रेलियाने काढला. सिडनी आणि मेलबर्न, दोघांनाही ती हवी होती. मग घटनेतच लिहिलं, की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नला भरेल. त्यातून कॅनबेरा वसलं, आणि १९२७ साली संसद तिथे हलली. आता दोन्ही शहरांतले लोक मिळून कॅनबेराला नावं ठेवतात.

आम्ही त्यांच्यावर जळतो, त्यांना आमची खबरही नाही. याला खुन्नस म्हणायचं का?

म्हणायचं, पण एकतर्फी. धाकट्याचं लक्ष थोरल्याकडे असतं आणि थोरल्याचं आणखी कुठेतरी, हा नियमच आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया पाहा. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने धाकटा भाऊ ट्रेव्हर याला चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायला लावला. नियमात बसत होतं. नियम नंतर बदलला, पण न्यूझीलंडमध्ये त्या चेंडूचा विषय आजही निघतो.

गंमत अशी, की ऑस्ट्रेलियाचं संघराज्य ज्या कायद्याने झालं त्यात ‘राज्य’ या शब्दाच्या व्याख्येत न्यूझीलंडचं नाव अजूनही आहे. पुढेमागे आलेच तर असावी जागा, म्हणून. ते आले नाहीत. पण १९७३पासून दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात जाऊन राहता येतं, काम करता येतं. खुन्नस गोड ठेवायला भाषणांपेक्षा अशी मुभा जास्त कामाला येते.

खरोखर अडचण आली तर हे लोक एकमेकांना मदत करतील का?

ते त्या घडीला स्वतःला काय समजतात यावर आहे. २००५ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांना आधी आपल्या क्लबबद्दल लिहायला लावलं. मग वाटेत एक माणूस त्यांच्यासमोर घसरून पडला. अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर बहुतेक जण धावले. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा किंवा साधा शर्ट असेल तर फारच थोडे. दुसऱ्या खेपेला ‘फुटबॉलवरचं प्रेम’ या विषयावर बोलायला लावलं, तेव्हा लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही मदत मिळाली. साध्या शर्टवाल्याला मात्र तेव्हाही नाही. प्रतिस्पर्धी आपला होऊ शकतो, पण खेळाशी देणंघेणं नसलेला उपराच राहतो, हे वाचून आम्हाला जरा अस्वस्थ वाटलं.

ऑनलाइन ही खुन्नस लवकर का नासते?

समोरचा कोण हे ठाऊक नसतं, शिट्टी वाजत नाही, आणि तिसराच कुणीतरी तेल ओतून मजा बघत असतो.

सगळे जुने वाद एकदाचे मिटवले तर चुरस संपेल का?

वाद मिटवणं आणि चुरस मोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडा आणि डेन्मार्कच्या ताब्यातलं ग्रीनलंड यांच्यामध्ये हान्स नावाचं सव्वा चौरस किलोमीटरचं उघडंबोडकं बेट आहे. १९८४पासून कॅनडाचे लोक तिथे जाऊन आपला झेंडा आणि व्हिस्कीची बाटली ठेवायचे, डेन्मार्कचे लोक तो झेंडा काढून आपला लावायचे आणि आपल्याकडची दारू ठेवून यायचे. २०२२ साली दोघांनी बेट वाटून घेतलं आणि सही करताना बाटल्यांचीच देवाणघेवाण केली.

पिरेनीज पर्वतात तर वाद मिटल्याचाच उत्सव होतो. फ्रान्सकडच्या बारेतू आणि स्पेनकडच्या रोंकाल या खोऱ्यांत कुरणं आणि पाण्यावरून रक्तपात झाला होता. १३७५ साली लवादाने निकाल दिला, की बारेतूच्या लोकांनी दरवर्षी रोंकालला तीन गाई द्यायच्या. आजही १३ जुलैला दोन्हीकडचे प्रमुख सीमेवरच्या दगडापाशी जमतात, एकमेकांच्या हातांवर हात ठेवतात, ‘यापुढे शांतता’ असं तीनदा म्हणतात, आणि मग रोंकालची माणसं आणलेल्या गाई नीट निरखून, पारखून निवडतात.